हरणीहून येणारा आकडा

बडोद्याहून परत आलं की लोक पहिला प्रश्न राजवाड्याचा विचारतात आणि दुसरा चिवड्याचा. राजवाडा मी रिक्षातून पाहिला, झाडांच्या फटीतून, तोही उजवीकडे होता की डावीकडे ते आता आठवत नाही. चिवडा आणला होता, पण तो गाडीतच संपला आणि संपवणारी मीच. तेव्हा ज्यांना बडोदे बघायचं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी प्रवासवर्णन वाचावं. मी चार दिवस होते आणि त्यातला बराचसा वेळ एका व्हॉल्व बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात गेला.

माझं काम काय ते आधी सांगायला हवं. पुण्यातल्या एका कंपनीचा माहिती-तंत्रज्ञान विभाग मी सांभाळते. माझ्या सासूबाईंच्या मते याचा अर्थ प्रिंटर अडकला की मला बोलावतात. खरं तर हे पहारेकऱ्याचं काम आहे. कंपनीच्या कॉम्प्युटरांत कुणी कुठल्या दाराने शिरायचं, आत काय करायचं, हे ठरवायचं आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं दार लावून घ्यायचं. आमच्या लिफ्टमध्ये एक पाटी आहे, ती मी लिहिली आहे: ‘मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. नवऱ्यालासुद्धा.’ नवऱ्याने ती वाचलेली आहे.

आमच्या कंपनीने हा बडोद्याचा कारखाना विकत घेतला. मालक दोघे भाऊ, दोघेही थकलेले. कारखाना, माणसं, सगळं राहणार होतं, फक्त सोमवारपासून त्यांनी आमच्या कॉम्प्युटर व्यवस्थेत काम करायचं होतं. त्याआधी मी जाऊन त्यांच्या जुन्या व्यवस्थेची पूर्ण नक्कल काढायची आणि तिची सगळी दारं बंद करून यायचं. हाताशी गुरुवार ते रविवार. मला वाटलं, शुक्रवारी संपेल आणि शनिवारी राजवाडा.

गुरुवार

सकाळी पोचले तेव्हा ऑफिस उघडलेलं होतं, पण काम सुरू नव्हतं. सगळी माणसं एका टेबलाभोवती उभी होती. हिशेबखात्याचे प्रमुख जिग्नेशभाई पुढे आले, पिकलेल्या मिशांचे, गोल चेहऱ्याचे. ‘‘आवो आवो विद्याबेन! बे मिनिट. नंबर आवी जाय एटले चालू.’’ नंबर आला की काम सुरू.

टेबलापाशी खरेदी बघणारी मेघना पागे बसली होती. इथल्याच नागरवाड्यातली मराठी मुलगी, तिशीची. तिने फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘वहिनी, नंबर?’’

पलीकडून एका बाईचा आवाज आला. स्वच्छ, सावकाश, एकेक आकडा सुटा. ‘‘चार. नऊ. शून्य.’’ एवढी माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. आरती संपल्यावर क्षणभर जशी शांतता होते तशी होती ती. मेघनाने आकडे भरले, पडदा उजळला, आणि सगळे आपापल्या खुर्चीकडे पांगले.

माझ्या अंगावर काटा आला. पण तो भीतीचा नव्हता, व्यवसायाचा होता. एका परक्या बाईकडून भर ऑफिसात, स्पीकरवर, ओटीपी!

‘‘हा नंबर कुणाचा?’’ मी विचारलं.

‘‘कारखानीससाहेबांचा,’’ मेघना म्हणाली. ‘‘सिस्टिम त्यांच्याच नावावर आहे ना सगळी.’’

‘‘आणि ते कुठे आहेत?’’

‘‘फोन घरी असतो. हरणीला,’’ ती म्हणाली, आणि एवढ्यात सेव उसळ आली. लाल तर्री, वर शेवेचा डोंगर, बाजूला पाव आणि कांदा. ‘‘पहेलां नाश्तो, पछी काम,’’ असा जिग्नेशभाईंचा हुकूम. आमच्याकडे पाहुण्याला कामाचं विचारून झाल्यावर चहाचं विचारतात. इथे खाऊन होईपर्यंत कामाचा विषय काढणं हा अपमान समजतात. मी तिखट खाऊन नाक पुसत बसले आणि प्रश्न राहून गेला.

दुपारी मी सिस्टिमची नोंद उघडली. कुणी कधी काय केलं हे तीत दिसतं. खरेदीची मागणी: कारखानीस. मागणी मंजूर: कारखानीस. माल खराब आल्याची तक्रार: कारखानीस. तक्रारीवर ‘बघतो’ असं उत्तर: कारखानीस. मी वर-खाली बघत गेले. सगळ्या कारखान्यात एकच माणूस काम करत होता. तो एकाच वेळी गोदामात होता, हिशेबात होता आणि डिझाइनच्या टेबलावर होता. एके ठिकाणी कारखानीसांनी बाळंतपणाची रजा मागितली होती आणि कारखानीसांनी ती आनंदाने मंजूर केली होती.

रजा मेघनाची होती, हे पुढे कळलं. प्रत्येक माणसाचं वेगळं खातं म्हणजे वेगळे पैसे, म्हणून सगळे एकाच नावाने शिरत. एका मीटरवर आठ बिऱ्हाडं चालवावीत तसं. सोमवारनंतर यांना काम देताना कुणी काय केलं हे बघायला गेले असते, तर एकाही जिवंत माणसाची खूण सापडली नसती. मी चिडले. आणि चिडले की मी थेट मूळ माणसाकडे जाते.

ऑफिसच्या अंतर्गत निरोपांत कारखानीसांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे जागेवर हजर. मी लिहिलं, ‘नमस्कार. मी पुण्याहून आले आहे. आपल्याला भेटायचं आहे.’

लगेच उत्तर आलं, रोमन लिपीतल्या गुजरातीत: ‘चा पीधी?’ चहा घेतला का. मग दुसरं: ‘मॅडम, व्हेंडरचं बिल उद्या मिळेल.’ मग काही वेळ नुसतं ‘लिहीत आहे’ असं दिसत राहिलं. थांबलं. पुन्हा दिसलं. आणि मग शुद्ध मराठीत एक ओळ आली: ‘हो, या. मी इथेच आहे.’

मी उठले. मशीनची खोली, म्हणजे ऑफिसचा मुख्य कॉम्प्युटर ठेवलेली, टोकाला होती, मधे काच. कॉरिडॉरमधून पाहिलं तर आत तपकिरी स्वेटर घातलेला कुणी पाठमोरा उभा होता, मशीनवर वाकून. मी वळसा घालून दारापाशी गेले, तोवर खोली रिकामी झाली होती. आत बर्फासारखी थंडी. खुर्चीच्या पाठीवर तपकिरी स्वेटर. मी हात लावला तर तो अजून ऊबदार होता.

मला भुताखेतांची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती नोंद नसलेल्या गोष्टींची. तरी त्या खोलीतून मी जरा घाईनेच बाहेर पडले, हे कबूल करते.

शुक्रवार, हरणी

‘‘मला कारखानीसांच्या घरी ने,’’ मी मेघनाला म्हटलं. तिने एकदा जिग्नेशभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘‘लई जा ने. शैलाबेनने गमशे.’’ शैलाबेनना बरं वाटेल. शैलाबेनना का आणि साहेबांना का नाही, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

मेघनाच्या स्कूटरवरून निघालो. विश्वामित्रीचा पूल लागला तेव्हा तिने मागे न बघता सांगितलं, ‘‘खाली मगरी आहेत हं. पाय वर घ्या.’’ ही त्यांची पाहुण्यांशी करायची थट्टा. मगरी मात्र खऱ्याच आहेत. मी पाहिलं, पाणी गढूळ आणि अगदी स्थिर होतं आणि त्यात काहीच दिसत नव्हतं. हे जास्त वाईट.

हरणीला विमानतळाजवळ सोसायटी, वरचा मजला. दार उघडलं ते फोनवरच्या त्या आवाजाने. ‘‘या. बसा.’’ शैला कारखानीस, सत्तरीच्या आतबाहेर, बारीक, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. हांडव्याचे खरपूस तुकडे आणि शेंगदाण्याची चटणी समोर आली. मी म्हटलं, ‘‘कारखानीससाहेबांना भेटायचं होतं.’’

बाईंनी मेघनाकडे पाहिलं. ‘‘यांना सांगितलं नाही?’’

मेघना फरशीकडे बघत म्हणाली, ‘‘सांगायचं राहूनच गेलं, वहिनी.’’

‘‘ते तीन वर्षांमागे गेले,’’ बाई मला म्हणाल्या. ‘‘झोपेतच. ऑफिसचा डबा भरून झाला होता माझा.’’

बाहेरून एक विमान इतकं खालून गेलं की ताटातली वाटी थरथरली. मला कालचा ऊबदार स्वेटर आठवला आणि ‘मी इथेच आहे’ आठवलं. हातातला हांडवा तसाच राहिला.

मग सगळं बाईंनीच सांगितलं. साहेब गेले त्याच आठवड्यात ऑफिसातून फोन आला. जिग्नेशभाई रडवेले. सिस्टिम उघडत नाही, नंबर साहेबांच्या फोनवर जातो, माल अडकलाय, शैलाबेन, माफ करजो. बाईंनी फोन शोधला आणि नंबर वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाव बदलून घ्यायचं सगळ्यांच्याच मनात होतं, पण त्यासाठी अर्ज सिस्टिम चालवणाऱ्यानेच करायचा असतो, आणि सिस्टिम चालवणारे कारखानीस. मग पावसाळा आला, मग दिवाळी, मग ती सवयच झाली. नवीन माणूस कामाला लागला की त्याला ‘तू कारखानीस’ एवढंच सांगायचे.

‘‘मी फोन रिचार्ज करते, रात्री चार्जिंगला लावते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सकाळी तो वाजला की मनात म्हणते, निघाले एकदाचे. मग मेघनाचा फोन येतो, मी नंबर सांगते, आणि म्हणते, पोचले.’’ त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ‘‘मला वेड लागलेलं नाही. पस्तिशीची झाले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी शाळेत गणित शिकवलं. माणूस गेला म्हणजे गेला हे मला समजतं. पण सकाळचा एवढा वेळ तो ऑफिसला जातो. दिवसभर मग माझं चालतं.’’

मला सांगणं भागच होतं. ‘‘वहिनी, सोमवारपासून हे बंद होईल. साहेबांचं खातं मला बंद करावं लागेल. त्याचसाठी आलेय मी.’’

त्यांनी माझ्या ताटात आणखी चटणी वाढली. माझी पाटी, माझे नियम, सगळं बरोबरच होतं आणि तरी मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

‘‘आणि रविवारचा?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कुठला रविवारचा?’’

‘‘रविवारी दुपारी एक नंबर येतो. न चुकता. त्याला कुणाचा फोन येत नाही. मी फोन हातात घेऊन बसते, कुणी विचारलं तर सांगायला. कुणी विचारत नाही.’’

मेघनाचा चेहरा उतरला. ‘‘वहिनी, रविवारी ऑफिसला कुलूप असतं.’’

‘‘मला माहीत आहे,’’ बाई म्हणाल्या.

परत येताना तोच पूल लागला. मगरींचा विषय मेघनाने काढला नाही.

शनिवार, डभोई

सकाळी मी मशीनच्या खोलीत शिरले. थंडी सहन होईना तेव्हा नाइलाजाने तो स्वेटर घातला. काचेबाहेरून जाणाऱ्या एका ड्राफ्ट्समनने माझ्या पाठीकडे बघून सवयीने ‘‘गुड मॉर्निंग, साहेब’’ म्हटलं आणि पुढे गेला. तेव्हा कळलं. त्या खोलीत जो जाईल तो हाच स्वेटर घालतो. तीन वर्षं काचेतून सगळ्यांना एकच पाठ दिसत आली आहे.

रविवारचा उलगडा दुपारपर्यंत झाला. कारखानीस हुशार माणूस. कारखान्यातल्या सगळ्या कागदांची, व्हॉल्वच्या सगळ्या ड्रॉइंग्जची एक नक्कल त्यांनी दूर, इंटरनेटवरच्या भाड्याच्या साठ्यात ठेवली होती. इथे आग लागली, पूर आला, तरी तिथे सगळं शाबूत. दर रविवारी दुपारी मशीन आपणहून त्या साठ्याचं दार ठोठावायचं. साठा खात्री करायला कारखानीसांच्या फोनवर नंबर पाठवायचा. तो भरला की आठवड्याची नवी कामं तिकडे जायची. मी हरणीला फोन लावून विचारलं, रविवारी दुपारी साहेब काय करायचे?

‘‘जेवण झालं की मोबाइल आणि लॅपटॉप घेऊन बाल्कनीत जायचे,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘काहीतरी टिचक्या मारायचे. मग आत येऊन झोपायचे. का हो?’’

म्हणजे ते गेल्यापासून दर रविवारी रिकाम्या ऑफिसात मशीन उठतं, दार ठोठावतं, थोडं थांबतं, आणि उत्तर न मिळाल्याने परत जाऊन बसतं. आणि दहा मैलांवर एक बाई हातात उत्तर घेऊन बसलेली असते.

तीन वर्षांतल्या कामाची नक्कल कुठेच नव्हती. मी माझ्या पद्धतीने काढायला गेले तर म्हातारं मशीन अर्ध्या वाटेत अडकायचं आणि कुरकुरायला लागायचं. ते बंद पडलं असतं तर ड्रॉइंग्ज गेल्या, आणि ड्रॉइंग्जशिवाय त्या कारखान्यात विकत घेण्यासारखं काय होतं? साठा जुनं सगळं ओळखत होता. उरलेलं थोडं थोडं उचलून न्यायची कारखानीसांची रीत त्या मशीनला सवयीची होती. मार्ग एकच: उद्या दुपारी ते ठोठावेल तेव्हा कुणीतरी दार उघडायचं.

तोवर करण्यासारखं काही नव्हतं. मेघनाला डभोईला मावशीकडे जायचं होतं, ती म्हणाली, चला. बसमधून कापसाची शेतं बघत गेलो. गावाच्या जुन्या तटाला दगडी वेस आहे, हिरा भागोळ म्हणतात. इतकं कोरीव काम की डोळे दमतात. समोर एक म्हातारा बोरं विकत होता. तटाच्या सावलीत उभं राहून मेघनाने गोष्ट सांगितली, तिथे सगळेच सांगतात ती. ही वेस बांधणाऱ्या हिरा कारागिराने राजाचे उरलेले दगड आपल्या आवडत्या बाईसाठी तळं बांधायला वापरले. राजाला कळलं, त्याने कारागिराला या भिंतीतच चिणलं.

‘‘मेला?’’

‘‘नाही ना. भिंतीला एक फट राहिली होती. त्या बाईने रोज त्या फटीतून तूप ओतलं. त्याच्यावर तो जगला. पुढे राजाला दुसरं काम निघालं, दुसरा कारागीर सापडेना, तेव्हा भिंत फोडली तर हा आत जिवंत.’’

मी भिंतीकडे बघत राहिले. मेघनाही बघत होती. मग ती एकदम म्हणाली, ‘‘विद्याताई, आम्ही फक्त फोन करायचो. आम्हाला खरंच वाटलं नव्हतं की वहिनींना त्याचं एवढं असेल.’’ तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला दोन बोरं दिली, त्याहून चांगलं काही सुचलं नाही. मावशीकडे वरणात गूळ होता, माझ्या पुणेरी जिभेला तो रुचत नाही, पण त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं.

त्या गुरुवारच्या ओळीचंही मी विचारलं. ‘मी इथेच आहे’ तू लिहिलंस? नाही म्हणाली. चहाचं जिग्नेशभाईंनी लिहिलं होतं, बिलाचं तिने. ती ओळ दोघांनीही पाहिली होती आणि दोघांना वाटलं होतं, दुसऱ्याने लिहिली.

रविवार

वहिनी ऑफिसला याव्यात ही कल्पना माझी. फोनवरून नंबर घेता आला असता. पण मला ते बरं वाटेना. त्या आल्या, सुती साडी, पर्स, पर्समध्ये साहेबांचा फोन. जिग्नेशभाईंनी कुलूप उघडलं. बंद ऑफिसात शिरताना सगळेच हळू बोलतात, का ते माहीत नाही. ‘‘कधी आणलं नाही त्यांनी मला इथे,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘म्हणायचे, बघण्यासारखं काही नाही.’’

खोलीच्या दाराशी त्या थबकल्या. खुर्चीवरच्या स्वेटरकडे बघत होत्या.

‘‘हा मी विणलाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला वाटलं हरवला.’’

मी सांगितलं की आत थंडी असते, जो जातो तो घालतो. वहिनींनी स्वेटर उचलला, कोपरापाशी उसवलेला टाका बोटाने चाचपला, आणि अंगात घातला. बाह्या लांब झाल्या. जिग्नेशभाई तोंड फिरवून बाहेर गेले.

आम्ही बसून राहिलो. मेघनाने आणलेलं खमण कुणी खाल्लं नाही. पंख्यांची घरघर सोडून आवाज नव्हता. आणि मग, कुणीही हात न लावता, समोरचा काळा पडदा उजळला. मला सगळं ठाऊक होतं, आदल्या दिवशी मीच उलगडलं होतं, तरी मी दचकले. पडद्यावर एकच रिकामी चौकट आणि तीत लुकलुकणारी रेघ. वहिनींच्या हातात फोन वाजला.

त्यांनी चष्मा लावला. गुरुवारी ऐकलेला तोच आवाज, एकेक आकडा सुटा, जणू फळ्यावर लिहून दाखवताहेत. मी भरत गेले. शेवटचा आकडा भरला आणि मशीनचे पंखे एकदम जोरात फिरायला लागले. दिवे लागले, विझले, लागले. तीन वर्षांचं साचलेलं जायला लागलं.

‘‘गेलं आत?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘गेलं.’’

‘‘एवढंच होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि मी दर रविवारी नुसती बसून राहिले.’’ मग त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे त्या स्वेटरवर ठेवला.

संध्याकाळी सगळं साठ्यात पोचल्याचं दिसलं. मग माझं खरं काम. साहेबांचं खातं बंद करायचं. त्याआधी मी वहिनींना निरोपांतलं ते नाव दाखवलं, हिरव्या ठिपक्यासकट, आणि गुरुवारची ती ओळही. त्यांनी ती वाचली. आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

‘‘हाक मारली की असंच म्हणायचे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘करा बंद.’’

मी केलं. ठिपका राखाडी झाला. आत्तापर्यंत शेकडो लोकांची खाती मी बंद केली आहेत, तेव्हा कधी मागे वळून पाहिलं नाही. त्या दिवशी वळून पाहिलं. ती ओळ कुणी लिहिली, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि मी नोंद पुन्हा उघडून बघितलेली नाही. नोंदीत एकच नाव असणार होतं.

राहिला दूरचा साठा. जुन्या मशीनसकट तो नवी व्यवस्था स्थिर होईपर्यंत काही आठवडे चालू ठेवावा लागणार होता आणि त्याला कुणाचा तरी मोबाइल नंबर द्यायचा होता, जबाबदार अधिकाऱ्याचा. साहेबांचा खोडून मी माझा घातला. वहिनी बघत होत्या.

‘‘म्हणजे रविवारचा आता तुमच्याकडे येणार.’’

‘‘हो. काही दिवस.’’

‘‘आला की मला सांगाल?’’

‘‘वहिनी, नियमात बसत नाही,’’ मी म्हटलं.

‘‘बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मीही शाळेत हेच सांगायचे.’’ त्यांनी स्वेटर काढला, घडी घातली, पण खुर्चीवर ठेवला नाही. साहेबांचा फोन पर्समध्ये ठेवताना मात्र त्यांनी तो आधी चार्ज आहे ना ते बघितलं.

घरी

पुण्यात आल्यावर अहवाल दिला, माझे वरिष्ठ खूष झाले. बडोद्याच्या प्रत्येकाला स्वतःचं खातं मिळालं. मेघना म्हणाली की पहिल्या दिवशी सगळे जरा बावचळले होते. कामावर आपलं नाव दिसतं म्हणून एकेकाने ते दोनदा वाचून पाहिलं. सकाळी दार उघडलं की टेबलाभोवती मात्र उगाच जमतात, आणि मग आठवण झाली की पांगतात.

रविवारी आम्ही जेवलो. नवरा पेपर घेऊन लवंडला. माझा फोन वाजला. पडद्यावर आकडे होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी फोन आणि लॅपटॉप घेऊन बाल्कनीत येऊन उभी राहिले आहे. कधी आले, ते कळलं नव्हतं.

‘‘कुणाचा?’’ नवऱ्याने आतून विचारलं.

‘‘ऑफिसचा. सांगता येणार नाही,’’ मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

साठ्याचं दार थोडाच वेळ थांबतं. पाटी अजून लिफ्टमध्ये आहे, रोज वर जाताना मी ती वाचते. मी हरणीला फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला. पलीकडे विमान चाललं होतं, ते जाईपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

‘‘वहिनी,’’ मी म्हटलं, ‘‘नंबर सांगते.’’

मी एकेक आकडा सुटा सांगत गेले. त्या माझ्यामागून प्रत्येक आकडा म्हणत होत्या. शेवटचा म्हणून झाला.

‘‘हं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोचले.’’

मग मी तो भरला.